गुडघा बरा झाला, भीती का गेली नाही?



मागच्या रोवणीच्या दिवसांत मी सायकलने बाबांची शिदोरी घेऊन बांधीवर निघालो होतो. पांदणीत चिखल होता. चाक घसरले, मी दगडावर पडलो आणि गुडघा फुटला. काही दिवसांत जखम भरली, पण सायकलला हात लावला की छाती धडधडायची.

बाबा म्हणाले, "काहून रे, पाय तं बरा झाला ना?"

मी म्हटले, "पाय बरा हाये बाबा, पण मले भेव लागते."

मी गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितले ते असे : आपल्या मेंदूत दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचा एकेक लहान भाग असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. सायकल आणि वेदना एकदम आल्या की तो दोन्हींची गाठ मारतो. मग नुसती सायकल दिसली तरी तो धोक्याची सूचना देतो. ही शक्ती उपयोगाची आहे. एकदा विस्तवाने पोळले की आपण जपतो, ते यामुळेच. पण आपण सारखे टाळत राहिलो, तर 'आता धोका नाही' हे मेंदूला कळणार कसे?

अमेरिकेत पीटर नावाचा तीन वर्षांचा मुलगा सशाला भीत असे. मेरी कव्हर जोन्स या बाईंनी त्याला आवडता खाऊ द्यायचा आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, असे केले. ससा हळूहळू जवळ आणला. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. हा प्रयोग त्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केला.

मीही तसेच केले. आधी सायकल नुसती हातात धरून चाललो. मग शाळेच्या मैदानावर चालवली. नंतर सडकेवर. धान कापणीच्या वेळी पांदणीतून शिदोरी नेली!

गुरुजी म्हणतात, जुना धडा पुसला जात नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग नवा धडा शिकतो आणि जुन्याला आवरतो. म्हणून भीती कधी कधी परत येते. त्या दगडाजवळ माझी छाती अजून धडधडते. मी ब्रेक दाबतो, सायकल हळू करतो आणि पुढे जातो.

पालकांना एक विनंती. "रडशील तर सुई टोचायला लावीन," असे लहानांना म्हणू नका. सुई टोचण्याआधीच ते भीती शिकतात. आणि दुखणे खरेच असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी