घरात काय आहे?

शास्त्रपाठ : 2 राजे 4:1-7



एक विधवा अलीशा संदेष्ट्याकडे रडत आली. नवरा वारला होता, कर्ज मागे राहिले होते आणि सावकार तिची दोन्ही मुले गुलाम म्हणून न्यायला निघाला होता.

हिंगोलीत बसून वाचताना ही गोष्ट जुनी वाटत नाही. दिवाळीच्या सुमारास आपल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल बहुधा आधीच दवाखान्यात नाहीतर लेकीच्या लग्नात संपलेली असते. प्रत्येक मुकादम वाईट नसतो आणि कामासाठी गाव सोडणे म्हणजे मानवी तस्करी नव्हे. पण उचल फिटली नाही म्हणून बाईला अडकवून ठेवणे, शहरातल्या नोकरीचे किंवा बिनहुंड्याच्या लग्नाचे आमिष दाखवून मुलीला नेऊन विकणे, ही तस्करीच आहे. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली, तरी घरातली नड संपली नाही. त्या नडीचा फायदा घेणारा पुष्कळदा ओळखीचाच असतो. योसेफाला तर सख्ख्या नात्यातल्यांनी, त्याच्या भावांनीच विकले होते.

अलीशाने त्या विधवेला भिक्षा घातली नाही. तिच्या घरात काय आहे, हे त्याने विचारले. थोडेसे तेल होते. शेजारणींकडून रिकामी भांडी मागून आणायला त्याने सांगितले. भांडी भरली, तेल विकून कर्ज फेडता आले आणि उरलेल्यावर मायलेकरांना जगता आले. मात्र भांडी संपताच तेल थांबले. देवाचे देणे आटले नव्हते. ते घ्यायला भांडे उरले नव्हते.

आपल्या बहिणींच्या घरातही काहीतरी असतेच : दोन शेळ्या, शिवणाचा हात, हळदीचे ज्ञान. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती हळद मजुरीने काढणारी, उकडणारी बाई बचत गटातून कर्ज घेऊन स्वतः दळून विकू लागली, तर पुढच्या वर्षी तिला उचलीसाठी हात पसरावा लागणार नाही. 'उमेद' अभियानातून गटांना बँकेचे कर्ज मिळण्यास मदत होते. रिकामे भांडे मात्र शेजाऱ्यांनीच द्यायचे : तिच्याबरोबर बँकेत जाणे, तिची लेकरे सांभाळणे, तिचा माल विकत घेणे.

8 फेब्रुवारी हा संत जोसेफिन बखिता यांचा सण. सुदानमध्ये बालपणीच त्यांना पळवून नेऊन अनेकदा विकण्यात आले. पुढे इटलीत त्या मुक्त झाल्या, धर्मभगिनी झाल्या आणि 1 ऑक्टोबर 2000 रोजी त्यांना संतपद देण्यात आले. 2015 पासून हा दिवस मानवी तस्करीविरोधी प्रार्थनादिन म्हणून पाळला जातो.

चिंतनासाठी :
1. आपल्या वस्तीत उचलीशिवाय ज्यांचे भागत नाही, अशा बहिणी कोण आहेत?
2. माझे कुटुंब त्यांना कोणते 'भांडे' देऊ शकेल?
3. मुलीला कामाला किंवा लग्न करून नेणाऱ्याचा पत्ता, कामाचे ठिकाण आपण खात्रीने तपासतो का?

संशय आल्यास गप्प बसू नका. महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098 या क्रमांकांवर फोन करा.

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या दारी भांडे मागायला आलेल्या बहिणीला आम्ही रिकाम्या हाती परत पाठवू नये, अशी कृपा दे. आमेन.

आपला,
धर्मगुरू