आठ चित्रांचा कॅमेरा

एक छोटा प्रयोग करा. एक बोट नाकासमोर धरा. आधी डावा डोळा मिटा, मग तो उघडून उजवा मिटा. बोट जागचे हलल्यासारखे वाटते. बोट दूर नेले, की हे हलणे कमी होते. या फरकावरून वस्तूचे अंतर समजते. रेंजफाइंडर कॅमेरा याच तत्त्वावर चालतो. डोळ्यांऐवजी त्याला दोन खिडक्या असतात.

जपानच्या फुजी कंपनीचा 'जीडब्ल्यू ६९० थ्री' हा असाच एक कॅमेरा. तो १९९२ साली बाजारात आला. आता तो नव्याने तयार होत नाही. पण अनेक छायाचित्रकार अजूनही तो वापरतात. त्याला १२० क्रमांकाची रुंद फिल्म लागते. तिच्यावरचे एक चित्र सुमारे ५६ मिलिमीटर रुंद व ८४ मिलिमीटर लांब असते. ३५ मिलिमीटर फिल्मवरील नेहमीच्या चित्राच्या ते पाचपटींहून मोठे आहे. म्हणून ते बरेच मोठे केले तरी बारकावे स्पष्ट दिसतात. मात्र एका रोलवर आठच चित्रे निघतात.

आता कॅमेरा कसा वापरायचा ते पाहू. रोल सावलीत भरा. रोलच्या कागदावरील बाण कॅमेऱ्यातील खुणेशी जुळवा. झाकण बंद करून आकडा १ येईपर्यंत रोल फिरवा.

या कॅमेऱ्यात प्रकाश मोजण्याची सोय नाही. तेव्हा एक नियम लक्षात ठेवा. फिल्म १०० आयएसओची असेल आणि स्वच्छ ऊन असेल, तर लेन्सचे छिद्र १६ वर आणि शटर १/१२५ सेकंदावर ठेवा. सावलीत छिद्र मोठे करा.

मग खिडकीतून पाहा. मधोमध वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतील. लेन्सवरील कडे हळूहळू फिरवा. दोन प्रतिमांची एक झाली, की अंतर बरोबर जुळले.

पण सावध राहा! तुमचा डोळा खिडकीतून पाहतो आणि फिल्म लेन्समधून. लेन्सवर झाकण तसेच राहिले, तरी खिडकीतून सारे स्वच्छच दिसते. समजा, आजी गावाला निघाल्या आहेत. गाडी सुटायला पाच मिनिटे उरली आहेत. तुम्ही बटण दाबले, 'खट्' असा आवाज झाला, आजी हसल्या आणि गाडी सुटली. झाकण लेन्सवरच होते, हे मात्र फिल्म धुतल्यावर कळेल. तोवर आजी दूर गेलेल्या असतील.

म्हणून बटण दाबण्यापूर्वी क्रमाने तपासा : झाकण, प्रकाश, अंतर. चित्र आठच आहेत. प्रत्येकाला अर्धे मिनिट द्या.

शब्दार्थ : तत्त्व – मूळ नियम, बारकावे – लहान लहान तपशील, प्रतिमा – दिसणारे चित्र.

स्वाध्याय
१. दोन प्रतिमा एक झाल्यावर काय समजते?
२. झाकण राहिल्याचे लगेच का कळत नाही?
३. तुम्हांला आठच चित्रे काढता आली, तर कोणाकोणाची काढाल? पाच वाक्ये लिहा.