वेळ जातो कुठे?

दिवस सगळ्यांना सारखाच मिळतो. पाटलाला २४ तास, शेतमजुरालाही २४ तास. जुन्या माणसांचा हिशोब घटकांचा असे. दिवस आणि रात्र मिळून ६० घटका. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे अडीच घटकांचा एक तास. घरात घड्याळ नव्हते तेव्हा घंगाळातल्या पाण्यावर तळाला बारीक भोक असलेली वाटी सोडत. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. लग्नाचा मुहूर्तही तसाच धरीत. आता खिशात मोबाईल आहे. मिनिटामिनिटाची वेळ दिसते. तरी आपण म्हणतो, "काय करावं, वेळच पुरत नाही!"

मग तो जातो कुठे? पारावरच्या गप्पांत जातो, असे काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी चार शब्द बोलणारच. त्याला विसावा हवा. आमच्या मते वेळ जातो तो शोधाशोधीत आणि हेलपाट्यांत.

सकाळची वेळ घ्या. वैरण कापायला निघायचे आहे आणि विळा सापडत नाही. गोठ्यात बघितले, ओसरीवर बघितले. मग घरात हाक जाते, "अगं, विळा कुठं ठेवलास?" तिने ठेवलेलाच नसतो. पण तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती उठते. विळा सापडतो छपरात खोचलेला. काल आपणच खोचलेला! तोवर भाकरी करपली, पोराला शाळेला उशीर झाला. एका विळ्यापायी तिघांचा खोळंबा.

घरातल्या बाईच्या वेळेचा हिशोब कुणी धरीत नाही. पहाटे पाणी, शेणगोठा, चूल, मग रानातले काम, पुन्हा चूल. आपल्या विसराळूपणाची भरपाई बहुधा तीच करते. तिलाही साक्षरता वर्गाला यायचे असते. रात्री भांडी घासता घासता वर्ग सुटतो. तिचा वेळ वाचवायचा तर घरातल्या पुरुषमाणसांनीच सवय बदलली पाहिजे.

थोडे गणित करू. रोज अर्धा तास शोधण्यात गेला, तर वर्षाला सुमारे १८२ तास होतात. कामाचा दिवस आठ तासांचा धरला तर जवळजवळ २३ दिवस झाले. आपल्या रोजाने त्याला गुणून बघा.

भिंतीत चार खुंट्या ठोकायला काय लागते? विळा, खुरपे, दावे, कुलपाची किल्ली, ज्याची त्याची खुंटी ठरवावी. रानातून आले की हातपाय धुण्याआधी विळा खुंटीला. चार दिवस विसर पडेल, मग हातच आपोआप तिकडे जाईल. धारही रात्रीच लावून ठेवावी. रेशनकार्ड, आधारकार्ड, पासबुक, औषधाची चिठ्ठी ही एकाच पिशवीत असावीत, आणि ती पिशवी कुठे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असावे.

आता हेलपाटे. रोज बुडवून तालुक्याला गेलो. रांगेत उभे राहिलो. खिडकीशी कळले की फोटो आणला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसभाडे, पुन्हा रांग. म्हणून निघण्याआधी कोणते कागद लागतात ते विचारून घ्यावे. जाऊन आलेल्या शेजाऱ्याला एक फोन केला तरी पुष्कळदा भागते. काही कामांना तर जावेच लागत नाही. डिजिटल सहीचा सातबारा आता मोबाईलवरूनही निघतो. मात्र तोच मोबाईल उगाच बघत बसलो तर रात्रीचा एक प्रहर कसा गेला ते कळत नाही. प्रहर म्हणजे तीन तास!

आता आपल्याला लिहिता येते. त्याचा उपयोग इथेच करावा. रात्री जेवण झाले की उद्याची कामे वहीत लिहावीत. वही नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात लिहावीत. दुधाचा हिशोब अनेक घरांत तिथेच असतो. अक्षर वाकडे आले तरी चालेल, आपल्याला वाचता आले म्हणजे झाले. असे लिहा :

तालुका. पासबुक घेणे. बँक. आईचे औषध. खत. बाजार.

क्रमही बघा. बँक आधी, कारण तिथे उशिरा गेले तर पैशांचे काम होत नाही. खत आणि बाजार शेवटी, म्हणजे ओझे घेऊन गावभर हिंडायला नको. आणि कोपऱ्यात परतीच्या एस.टी.ची वेळ लिहायला विसरू नका.