हिशेबाच्या नोकरीत मुरल्यावर एम.बी.ए. : कोणते घ्यावे?

बँकेत किंवा पेढीच्या हिशेबात दहा-बारा वर्षे काढलेले आपले तरुण विचारतात, आता एम.बी.ए. करावे काय? आधी पुढचे काम ठरवावे, पदवी नंतर.

१) पूर्णवेळ : अहमदाबादच्या आय.आय.एम.मध्ये २००६ पासून अनुभवी लोकांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी नोकरी सोडावी लागते. म्हणून फीमध्ये बुडालेला वर्षाचा पगारही मिळवावा. क्षेत्र बदलायचे असेल किंवा व्यवस्थापनात वर जायचे असेल, तरच हा खर्च परवडतो.

२) नोकरी सांभाळून : 'इग्नू'चे एम.बी.ए. कमी फीत होते. बढतीला पदव्युत्तर पदवीची अट असेल तर ते पुरते. मात्र ओळखी आणि थेट भरतीची आशा त्यावर धरू नये.

३) सी.ए. झालेल्यांसाठी : २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सी.ए. पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीची मानली. केवळ शिक्का हवा म्हणून दोन वर्षे घालवू नयेत.

राहिला पैशाचा प्रश्न. व्याजी कर्जाच्या दारात जाण्यापूर्वी बचत, मालकाची मदत आणि बिनव्याजी कर्ज देणाऱ्या संस्था यांची चौकशी करावी. पैसा जमत नसेल तर एक वर्ष थांबावे. इल्म मिळवणे फर्ज आहे, पण घर व्याजात बुडवून नव्हे.