शिवणधंद्याचा आरंभ

नवी मुंबईतील ज्या पालकांच्या मनात घरी शिवणधंदा काढण्याचे आहे, त्यांनी प्रथम सोलापूरकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. ते शहर चादरीसाठी प्रसिद्ध. परंतु शालेय गणवेश शिवण्याचा मोठा व्यवसायही तेथे वाढला आहे. आरंभी एकच जिन्नस धरावा, हा त्यातील बोध. मात्र गणवेशाचे गिऱ्हाईक जूनच्या सुमारास येते व कापड त्यापूर्वीच घ्यावे लागते. तोवर भांडवल अडकते.

एका सदऱ्याच्या किंमतीत कापड, दोरा, गुंड्या, कॉलरचा कॅनव्हास, वीज व बेतताना वाया गेलेले तुकडेही धरावेत. पुष्कळ गृहिणी स्वतःची शिलाई मात्र फुकट धरितात. हा हिशेब खोटा होय! पुढे कारागीर ठेवावा लागला की प्रत्येक सदऱ्यामागे तोटा येतो. लूककृत शुभवर्तमानातील बुरूज बांधणाऱ्याचा दृष्टांत येथे आठवावा.

२०२० साली सुरू झालेल्या उद्यम नोंदणीस शुल्क नाही. दलालास पैसे देऊ नयेत. २०१५ च्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ वर्गाखाली ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. तरीही पहिले डझनभर सदरे घरच्या पैशानेच शिवून रोखीने विकावेत, कोणते माप आधी संपले ते वहीत टिपावे आणि मगच नवे कापड आणावे.