साइड कोणती ते नंतर, आधी खातं कुणाचं?

‘पोरगी बारावी सायन्सला आहे, पुढे कुठल्या साइडला घालू?’ नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या भिल्ल-पावरा पालकांचा हा नेहमीचा प्रश्न. त्यावर मी आधी विचारते, शिष्यवृत्ती कुणाच्या खात्यात येते आणि त्या खात्याला मोबाइल नंबर कुणाचा आहे? बहुतेकदा नंबर भावाचा निघतो. ओटीपी त्याला, एटीएम कार्ड त्याच्या खिशात. तो ऊसतोडीला गुजरातेत गेला की फॉर्म अडकलाच.

तेव्हा पहिलं काम हे, की खातं मुलीच्या नावावर आणि नंबर तिचाच. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरून येणारे पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. म्हणून कुणी शिबिरात आणखी एक खातं उघडून देत असेल, तर आधी चौकशी करा.

दुसरं काम जास्त चिवट आहे. जातीचा दाखला असला तरी व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि ते महिनोन्‌महिने लटकू शकतं. अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाका. आजोबांच्या शाळेतला दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, जुना सातबारा शोधा. 1950 पूर्वीचा कागद मिळाला तर उत्तमच. वडिलांकडच्या सख्ख्या नात्यात कुणाला वैधता मिळाली असेल, तर त्याची प्रत जोडा. आडनाव एका कागदावर वसावे, दुसऱ्यावर वसावा, ही इथली घरोघरची गोष्ट. ते आताच दुरुस्त करून घ्या.

आता साइड. आदिवासी मुलगी म्हटलं की योजनावाले शिवणयंत्र पुढे करतात. गावात वीस यंत्रं आली, तर ब्लाउज शिवायला टाकणार कोण? मला नर्सिंग बरं वाटतं. जीएनएम 3 वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग 4 वर्षांचं. बाळंतपणाला आलेल्या बाईशी पावरीत बोलणारी सिस्टर डोंगरातल्या दवाखान्यात हवीच असते, आणि नाशिक-सुरतेच्या खासगी रुग्णालयातही काम मिळतं. मात्र कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे एजंटला विचारू नका, परिषदेच्या यादीत पाहा. मूळ गुणपत्रिका कुणाच्या हवाली करू नका. वसतिगृहात नंबर लागला नाही, तर आदिवासी विकास विभागाच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेत जेवण-राहण्याचा खर्च थेट खात्यात मिळतो.

आणि मध्येच लग्न ठरलं तर? शिकणं सुरू असेतो आधारवरचं नाव बदलू नका. गुणपत्रिकेशी ते जुळेनासं झालं की अर्ज अडतो. वैधता तर माहेरच्याच कागदांवर मिळते, सासरच्या नव्हे. ते प्रमाणपत्र हळदीआधी हातात घ्या.