एकतीस पराभवांचा विजेता संघ



मनुष्याची किंमत त्याच्या पहिल्या गुणपत्रिकेवरून ठरविण्याची सवय आपल्या घराघरांत रुजलेली आहे. मुलगा एका वर्षी मागे पडला की, ‘हा काही पुढे यायचा नाही’ असा निकाल आपण देऊन मोकळे होतो. आणि ते मूल तो निकाल मुकाट्याने ऐकत असते. या सवयीकडे नव्याने पाहण्यासाठी अमेरिकेतील एका कॉलेज संघाचा २००८ सालचा हंगाम आपण अभ्यासू या.

स्पर्धेचे स्वरूप

बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा नातलग म्हणावा. मैदानात एका बाजूचे नऊ खेळाडू असतात, सामन्याचे नऊ डाव असतात आणि प्रत्येक डावात तीन गडी बाद होईपर्यंत फलंदाजी चालते. विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी ६४ संघ निवडून त्यांचे चार-चारांचे सोळा गट पाडतात व गटात प्रत्येकाला १ ते ४ असे मानांकन देतात. गटविजेत्यांच्या आपसांतील लढतींतून आठ संघ उरतात व ते नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरी जातात.

कॅलिफोर्नियाच्या शेतीप्रधान खोऱ्यातील फ्रेस्नो स्टेट विद्यापीठाच्या संघाने त्या वर्षी पहिल्या वीस सामन्यांपैकी बारा गमावले होते. पुढे विभागीय स्पर्धा जिंकून त्याने राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळविला खरा. परंतु गटात मानांकन मिळाले चौथे, म्हणजे शेवटचे. चौथ्या मानांकनाच्या संघाने विजेतेपद मिळविल्याचे तोवर कधीच घडले नव्हते. त्यातच टॅनर शेपर्स हा त्यांचा सर्वोत्तम पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, खांद्याच्या दुखापतीमुळे बाहेर बसला.

तरीही २५ जून २००८ रोजी हाच संघ विजेता ठरला. हंगामाचा हिशेब होता ४७ विजय व ३१ पराभव!

पहिला बोध : हरणे म्हणजे बाद होणे नव्हे

या संघाची वाट सरळ नव्हती. ॲरिझोना स्टेटविरुद्ध तीन सामन्यांच्या लढतीत तो पहिला सामना हरला व पुढचे दोन जिंकला. ओमाहा येथे नॉर्थ कॅरोलायनाकडून एकदा हरून त्याने निर्णायक सामना ६–१ असा जिंकला. अंतिम लढतीत जॉर्जियाने पहिला सामना ७–६ असा घेतला. दुसऱ्यात फ्रेस्नो पाच धावांनी मागे पडला आणि तरी १९–१० असा जिंकला. तिसरा त्याने ६–१ असा जिंकला. अनेकदा हा संघ घरी परतण्यापासून एका पराभवाच्या अंतरावर उभा होता. स्पर्धेच्या नियमांतच दुसऱ्या संधीला जागा होती, म्हणून तो उभा राहू शकला. आपल्या घराच्या नियमांत अशी जागा आहे काय?

दुसरा बोध : एकाचा भार अनेकांनी वाहावा

शेपर्सची उणीव इतरांनी वाटून घेतली. अखेरच्या सामन्यात जस्टिन विल्सनने पुरेशी विश्रांती मिळालेली नसतानाही आठ डाव चेंडू टाकून केवळ एक धाव दिली. स्टीव्ह डेटवायलरच्या अंगठ्याला इजा झालेली होती. तरी संघाच्या सहाही धावा त्याच्याच फटक्यांवर आल्या.

तिसरा बोध : उणीव पाहून माणूस टाकू नये

टॉमी मेंडोन्सा त्या हंगामात ९९ वेळा ‘स्ट्राइक आऊट’ झाला. म्हणजे चेंडूला नीट न टोलवताच परतला. तेवढाच आकडा पाहणाऱ्याने त्याला संघातून वगळले असते. प्रशिक्षक माइक बेटसोल यांनी त्याला खेळवीत ठेवले, आणि ओमाहा येथे स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्यालाच मिळाला.

एक सावधगिरी

वाचकहो, या हकिकतीतून ‘धीर धरणारा हमखास जिंकतो’ असा अर्थ काढू नका. जॉर्जियाचे तरुणही तितक्याच जिद्दीने खेळले व रिकाम्या हाती परतले. दरवर्षी ६४ पैकी ६३ संघांच्या वाट्याला हेच येते. म्हणून मुलाला विजयाचे आश्वासन देऊ नये. ते आपल्या हाती नाही. हरून आल्यावरही त्याची जागा रिकामी ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.

मननासाठी प्रश्न

१. पहिल्या अपयशावरून आपण कोणाविषयी कायमचे मत बनविले आहे काय?

२. आपल्या कुटुंबात वा मंडळीच्या तरुण संघात सारा भार एकाच व्यक्तीवर पडला आहे काय? तो कोण वाटून घेईल?

३. ज्याच्या केवळ चुकाच आपण मोजल्या, अशा एका व्यक्तीला या आठवड्यात कोणते काम विश्वासाने सोपविता येईल?